कुत्र्याचा उंबरा

उसाच्या दोन फडांमधली पायवाट जिथं संपते आणि वस्तीचं अंगण सुरू होतं, तिथं बांधावर माणूस थांबतो. समोर गोठा, कडब्याची गंजी, दोरीवर वाळत घातलेली धुणी. कुत्रं दिसत नसतं, पण ते असणार हे त्याला ठाऊक असतं. तिथूनच तो हाळी देतो, "ओ पावणं, कुत्रं धरा!" आतून उत्तर येतं, "काय करत न्हाई त्ये, या की!" जाणता माणूस तरीही जागचा हलत नाही. घरातलं कुणी बाहेर येऊन कुत्र्याला हाक मारेपर्यंत, किंवा भुंकून भुंकून कुत्र्याचाच आवाज उतरेपर्यंत तो बांधावर उभा राहतो. हात खाली, पिशवी अंगालगत, नजर गोठ्याकडं.

कोल्हापूरच्या भोवतालच्या मळ्यांत ही रीत कुणी बसवून शिकवत नाही, पाहून पाहून ती अंगात उतरते. अनोळखी कुत्र्याला कसं भेटावं याचं जे काही शास्त्र आहे, त्याचा गाभा या एका थांबण्यात आहे. शहरात आल्यावर मात्र तीच माणसं तो विसरतात. सकाळी रंकाळ्यावर कुणाच्या हातात पट्टा आणि पट्ट्याला लॅब्रॅडोर दिसला, की समोरून येणारा सरळ पुढं होतो, वाकतो आणि कुत्र्याचं डोकं थोपटतो. "किती गोड आहे!" हे शब्द पुरे व्हायच्या आत हात कपाळावर पोचलेला असतो. बहुतेक वेळा कुत्रं ते सहन करतं. सहन करतं, हा शब्द इथं मुद्दाम वापरला आहे. सहन करणं आणि आवडणं यांतला फरक ज्याच्या डोळ्यांना दिसायला लागतो, त्याच्यावर चावून घ्यायची वेळ क्वचितच येते.

माणसांच्या घराला उंबरा असतो, तसा प्रत्येक कुत्र्याच्या भोवती एक असतो. फरक इतकाच, की कुत्रं तो सोबत घेऊन फिरतं आणि त्याचं अंतर रोज बदलतं. गंगावेशीत पहाटे दूध कट्ट्याजवळ म्हशींच्या पायांत लोळणाऱ्या कुत्र्याचा उंबरा वीतभर असेल, त्याच गल्लीत पिल्लं झालेल्या कुत्रीचा अर्ध्या गल्लीएवढा. दिसत नसला तरी तो ओळखता येतो, कारण कुत्रं स्वतःच तो दाखवतं. तोंड उघडं आहे, जीभ बाहेर आहे, अंग सैल आहे, आणि तुम्ही एक पाऊल पुढं टाकलंत तसं तोंड मिटलं. धाप थांबली. कान वळले. काही चघळत होतं, ते थांबलं. ती रेघ. तिथं थांबायचं, खरं तर एक पाऊल मागं यायचं, कारण रेघ दिसली म्हणजे तिच्यावर पाय पडून गेलेला असतो. एप्रिलच्या उन्हात धापा टाकणारं कुत्रं तर हा फरक फारच स्पष्ट दाखवतं. एवढ्या उकाड्यात ते तोंड मिटून घेतंय, म्हणजे त्याचं सगळं लक्ष तुमच्यावर आहे.

मराठीत कुत्र्यावरून म्हणी आणि वाक्प्रचार भरपूर आहेत, पण त्यांतल्या तीन गोष्टी अनोळखी कुत्र्यासमोर उभं असताना डोक्यातून काढूनच टाकाव्यात.

भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही पहिली. भुंकत असतं त्या क्षणी तोंड भुंकण्यात गुंतलेलं असतं, एवढंच काय ते खरं. भुंकणं म्हणजे 'तिथंच थांब' असं सांगणं. ते ऐकलं नाही तर पुढची पायरी येते, आणि ती यायला वेळ लागत नाही. जास्त काळजी करायची ती एका वेगळ्याच क्षणी: भुंकणं एकाएकी बंद होतं, अंग लाकडासारखं ताठतं, वजन पुढच्या पायांवर येतं आणि नजर तुमच्यावर रुतते. लोकांना वाटतं, गप्प झालं, आता जाऊ या. नेमकं तेव्हा जायचं नसतं.

शेपूट हलवतंय म्हणजे खूश आहे, ही दुसरी. हलणारी शेपूट एवढंच सांगते, की कुत्र्याच्या मनात काहीतरी हललं आहे. काय हललं, ते शेपटीच्या उंचीवरून आणि पाठीवरून कळतं. पाठीच्या रेषेत किंवा थोडी खाली, सैल, रुंद हलणारी शेपूट, आणि तिच्याबरोबर कंबरही डुलतेय, हे आनंदाचं. उंच उभी, टोकाशी भरभर थरथरणारी आणि बाकी अंग ताठ, हे इशाऱ्याचं. ज्या कुत्र्याची शेपूट मुळातच पाठीवर वळलेली असते, जशी आपल्या कितीतरी गावठी कुत्र्यांची असते, तिथं शेपटीवर विसंबूच नये. तोंड आणि खांदे बघावेत.

तिसरी सगळ्यांत धोक्याची. 'शेपूट घालणं' हा शब्द आपण भित्र्या माणसाला वापरतो आणि भित्र्याला भ्यायचं कारण नाही असं धरून चालतो. कुत्र्याच्या बाबतीत हे उलटं आहे. पायांत शेपूट घेतलेलं, कान मानेला चिकटलेले, भिंतीला अंग घासत जाणारं कुत्रं कोपऱ्यात सापडलं तर चावतं, कारण पळायची वाट बंद झाल्यावर त्याच्याकडं तेवढंच उरतं. कितीतरी चावे रागाने नव्हे, भीतीने होतात. 'बिचारं घाबरलंय' म्हणून त्याला कुरवाळायला जाणारा हात दयेने गेलेला असतो. कुत्र्याला मात्र तो शेवटची वाट अडवणारा दिसतो.

चावण्याच्या आधी कुत्रं बरंच काही बोलून घेतं. तोंड दुसरीकडं वळवतं. समोर खाणं नसताना नाकावरून जीभ फिरवतं. झोप आलेली नसताना जांभई देतं. ओलं नसताना अंग झाडतं. मान तशीच ठेवून डोळे तिरके करतं, मग बुबुळाच्या कडेला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. ही चंद्रकोर दिसली की हात लगेच मागं घ्यायचा. त्यानंतर ताठणं, मग ओठ उचलणं, गुरगुरणं, हवेत चावा घेणं, आणि शेवटी खरा चावा. या सगळ्या पायऱ्या नेहमी याच क्रमानं येतात असं नाही, काही गाळल्याही जातात. विशेषतः गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडून देतं. राग तेवढाच राहतो, सांगणं तेवढं बंद होतं. गुरगुरणं ही कुत्र्याची सभ्यता आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि ज्या घरात त्यासाठी कुत्र्याला काठी बसते त्या घरी जाताना दुप्पट सावध राहावं.

आता रंकाळ्याकडं परत येऊ. पदपथावर समोरून पट्ट्यातलं कुत्रं येतंय आणि तुम्हाला ते आवडलंय. आधी माणसाशी बोलायचं, आणि ते दोन मीटरांवरून. "चावतं का हो?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला जगात एकच उत्तर मिळतं: काय करत नाही. विचारायचं असं, "दादा, ह्याला अनोळखी माणसानं हात लावलेला आवडतो का?" आवडतो का, म्हटलं की मालकालाही थांबून विचार करावा लागतो. तो म्हणतो, "तसं घरातल्यांनाच लावू देतंय," आणि तुमचं काम झालं. छान आहे म्हणा आणि पुढं चला. मालक हो म्हणाला तरी अर्धीच परवानगी मिळाली. उरलेली अर्धी कुत्र्याकडून यायची असते.

ती मिळवायची तर कुत्र्याकडं जायचंच नाही. कुशीवर वळून, म्हणजे छाती त्याच्याकडं न करता खांदा त्याच्याकडं करून उभं राहायचं. डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, पण पाठही करायची नाही. कानाच्या पलीकडं, रंकाळ्याच्या पाण्याकडं कुठंतरी बघायचं. हात मांडीलगत सैल. हेल्मेट डोक्यावर असेल तर काढायचं. पावसाळ्यात हे फार जाणवतं: इरलं किंवा प्लॅस्टिकची खोळ घेतलेला रोजचा माणूसही कुत्र्याला भूत वाटतो आणि आवाज ऐकल्यावरच ओळखू येतो. म्हणून थोडं बोलायचं, हळू आणि जाड आवाजात. चिरक्या लाडिक आवाजानं कुत्रं चेवतं.

मूठ पुढं करून वास घेऊ द्यावा, असं पूर्वीपासून सांगत आलेत. मालकांच्या तोंडूनही ते ऐकू येतं. ते सोडून द्यावं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. तुम्ही सकाळी कोणता साबण लावला, घरी मांजर आहे का, नाष्ट्याला कटवडा खाल्लात का, हे त्याला पाच-सहा फुटांवरून कळलेलं असतं. नाकासमोर आलेली मूठ त्याला माहिती देत नाही, फक्त अंगावर येते. आणि ताणलेल्या हाताची बोटं ही चाव्याची सगळ्यांत सोपी जागा. वास घ्यायचा असेल तर कुत्रं स्वतः येईल आणि मांडीजवळचा हात हुंगेल. तेव्हा हात हलवायचा नाही. हुंगून झालं आणि ते निघून गेलं, तर भेट झाली. हुंगणं हीच त्याच्याकडची राम राम, गळाभेट नव्हे. माझ्या मते इथंच सगळ्यांत जास्त चूक होते: हुंगलं म्हणजे हात लावायला सांगितलं, असा अर्थ लोक काढतात.

नरसोबाच्या वाडीहून आणलेली दत्ताची तसबीर कोल्हापुरात कितीतरी घरांच्या देव्हाऱ्यात असते. पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणून मानलेली. त्यांना कुणी धरून ठेवलेलं नसतं, आपणहून पायाशी आलेली असतात. रोज नमस्कार करताना तेवढं बघितलं तरी पुरे.

हुंगून झाल्यावर कुत्रं तिथंच थांबलं, अंग सैल आहे, कूस तुमच्या पायाला टेकवली, तर हात लावायचा. कुठं? डोक्यावर नाही. वरून येणारा तळवा कुत्र्याला दिसेनासा होतो आणि मग ते मान वर करतं, म्हणजे तोंड हाताकडं येतं. माणूस दचकून हात झटक्यानं मागं घेतो, कुत्रं त्या झटक्यावर झेपावतं. निम्मे 'उगाच चावलं' असे किस्से या एका हालचालीत सापडतील. हात खालून न्यायचा: छातीवर, मानेच्या बाजूला, खांद्यावर. पंजे, शेपूट, कान, पोट ही अनोळखी माणसानं लावायची ठिकाणं नव्हेत. कुत्रं उताणं झालं तरी ते पोट खाजवायचं आमंत्रण असेलच असं नाही. अंग सैल, तोंड उघडं असेल तर कदाचित, पण पाय आखडलेले, ओठ मागं ओढलेले, शेपूट पोटाशी असेल तर ते 'मला सोड' म्हणतंय.

मग मनात तीन मोजायचे आणि हात काढून घ्यायचा. एक, दोन, तीन, थांब. या थांबण्यात कुत्र्याला मत देता येतं. ते पुन्हा अंग टेकवतं, नाकानं हात ढोसतं, तर आणखी तीन. नुसतं उभं राहतं, अंग झाडतं, पाण्याकडं बघायला लागतं, तर पुरे. हे एवढं साधं आहे, आणि लोकांना एवढं अवघड जातं, कारण आपल्या हाताला मऊ केसांचा मोह सुटत नाही. मिठी मारू नये, चेहरा चेहऱ्याला लावू नये, उचलू नये. बसायचंच असेल तर लहान कुत्र्यासाठी, बाजूला तोंड करून, उठता येईल असं उकिडवं. मोठ्या अनोळखी कुत्र्यासमोर उकिडवं बसलं, की आपला गाल त्याच्या दातांच्या उंचीला येतो.

पट्ट्याकडंही लक्ष असावं. पट्टा सैल असेल तर कुत्र्याला मागं सरता येतं. मालकानं भीतीनं पट्टा आखडला, की कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताणली जाते, आणि त्याला कळतं की समोरच्यात काहीतरी भ्यायजोगं आहे. "सैल सोडा, मी थांबतो," एवढं म्हटलं तरी पुष्कळ फरक पडतो.

रस्त्यावरच्या कुत्र्याला विचारायला मालक नसतो, म्हणून तिथं घाई आणखी कमी हवी. एका कानाचा तुकडा नीट व्हीच्या आकारात कापलेला दिसला, तर त्या कुत्र्याची नसबंदी होऊन रेबीजची लस टोचल्याची ती खूण. ती कधी टोचली ते कान सांगत नाही, त्यामुळं त्या खुणेवर चाव्यानंतरचे निर्णय घेऊ नयेत. पण हे कुत्रं माणसाच्या हातातून एकदा गेलंय एवढं कळतं. 'यू यू यू' अशी हाक मारून बघावी. आपल्या भागातलं कुठलंही कुत्रं ही हाक जाणतं, जसं 'हाड' आणि 'छू' जाणतं. आलं तर आलं. बिस्किट द्यायचं तर हातातून नाही, जमिनीवर, आणि आपल्या पायाशी न टाकता त्याच्या बाजूला. म्हणजे खाण्यासाठी तुमच्या अंगाशी यायची सक्ती होत नाही. दोन कुत्री असतील तर टाकूच नये, एका बिस्किटावरून जुंपली तर मधे तुमचे पाय असतात.

खाणाऱ्या, झोपलेल्या, दुखणाऱ्या आणि पिल्लं घातलेल्या कुत्र्याला भेटायचंच नाही. मटणाच्या दुकानामागं हाड घेऊन बसलेलं कुत्रं तुमचं रोजचं ओळखीचं असलं तरी त्या अर्ध्या तासापुरतं अनोळखी समजावं. झोपलेल्याला हात लावून उठवू नये. आवाज द्यावा, तोही लांबून. पिल्लांचं गणित मात्र महिन्यांवरून मांडता येतं. भाद्रपदाच्या आसपास गल्लीत कुत्र्यांचे घोळके फिरतात, त्या घोळक्यातून वाट काढू नये, वळसा घ्यावा. गर्भ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे दिवाळीपासून पुढं थंडीभर वाळूच्या ढिगाआड, बंद टपरीखाली, उभ्या गाडीखाली पिल्लं असणार. दहा ते चौदा दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती डुलत डुलत रस्त्यावर येतात आणि नेमकी तेव्हा शाळेला जाणाऱ्या पोरांच्या हातात सापडतात. पिल्लू उचललेल्या पोराला कुत्री मागून धरते. एरवी ती सगळ्या पेठेची लाडकी असली तरी. गणपतीच्या मिरवणुकीच्या आणि दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांतही ओळखीच्या कुत्र्याचा उंबरा दुप्पट रुंदावतो. त्याला त्याच्या कोपऱ्यात राहू द्यावं.

काही कुत्र्यांना भेटायची इच्छाच धरू नये. सुगी झाल्यावर शेतात मेंढरं बसवतात, त्या कळपाभोवती धनगरांची कुत्री असतात. अनोळखी माणसाला कळपापासून लांब ठेवणं हेच त्यांचं काम. वाट बदलावी आणि धनगराला हाळी द्यावी. ऊसतोडीच्या दिवसांत फडाजवळच्या खोपटांपाशीही तेच: तिथलं कुत्रं दिवसभर एकटं खोपट राखत असतं. साखळीनं बांधलेलं कुत्रं बांधलेलं आहे म्हणून सुरक्षित वाटतं. त्याला पळता येत नाही, म्हणून खरं तर ते जास्त धोक्याचं. त्याच्या साखळीची लांबी डोळ्यांनी मोजावी आणि त्यावर दोन हात जास्त सोडावेत. फाटकाच्या गजांतून, गाडीच्या काचेच्या फटीतून हात आत घालणं तर नकोच.

कारवानी कुत्र्यांबद्दल थोडं वेगळं. उंच, चिंचोळ्या तोंडाचं, बरगड्या दिसणारं हे शिकारी कुत्रं आपल्या भागातल्या मळ्यांवर हौसेनं पाळतात. मुधोळकडं ते मुधोळ हाउंड म्हणून ओळखलं जातं आणि २००५ साली टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. बरगड्या दिसतात म्हणून ते उपाशी नसतं, तो त्याचा बांधाच आहे. कीव करून चपाती घेऊन जाऊ नये. बहुतेक कारवानी परक्याच्या हाताला अंग चोरतात. ते डोळ्यानं शिकार करणारं आहे, वेगानं लांब जाणारी गोष्ट दिसली की पाय निघतात. त्याच्यासमोर मुलांनी पळापळ करू नये.

मुलांना शिकवायच्या गोष्टी दोनच आहेत आणि त्या खेळ म्हणून शिकवाव्यात. पहिली, 'स्टॅच्यू'. अनोळखी कुत्रं अंगावर येतंय असं वाटलं की जागच्या जागी पुतळा: हात अंगाला चिकटलेले किंवा छातीशी घडी, नजर स्वतःच्या पायांकडं, तोंडातून आवाज नाही. हलत नाही, ओरडत नाही, अशा गोष्टीत कुत्र्याला गंमत उरत नाही. ते हुंगतं आणि जातं. दुसरी, 'कासव'. पाडलंच, तर गुडघे पोटाशी, पालथं, बोटं मानेमागं गुंफलेली, कोपरांनी कान झाकलेले. मुलांना चावे बऱ्याचदा चेहऱ्यावर आणि मानेवर बसतात, कारण त्यांचं तोंड कुत्र्याच्या उंचीला असतं, म्हणून आधी मान झाकायची. घरी महिन्यातून एकदा सतरंजीवर करून घ्यावं. नुसतं सांगितलेलं भीतीच्या वेळी आठवत नाही, अंगानं केलेलं आठवतं. आणि आपलंच पाळलेलं, गरीब कुत्रं असलं तरी चार-पाच वर्षांच्या मुलाजवळ त्याला एकटं सोडू नये.

रात्री उशिरा दुचाकीवरून घरी जाताना चौकातून तीन-चार कुत्री मागं लागतात. अशा वेळी गाडी पळवली तर त्यांचा खेळ रंगतो, आणि पाय वर घेतला तर तोल जातो. चाव्यापेक्षा पडून मोडलेली हाडं जास्त वाईट. वेग हळूहळू कमी करावा, एकदम ब्रेक न लावता, आणि जमलं तर थांबावं. पळणारी गोष्ट थांबली की पाठलागाला अर्थ उरत नाही. जाड आवाजात एकदाच "हाड! घरी जा" म्हणावं. सायकल असेल तर उतरून ती मधे धरावी आणि चालत जावं. चालताना छत्री, पिशवी, दप्तर, जे हातात असेल ते स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे. चावायचं असेल तर त्याला ते मिळू दे. दगड उचलायला वाकलं की कुत्री पांगतात, हे आपल्याकडं सगळे जाणतात आणि ते खरं आहे. पण त्याच गल्लीत उद्या बुटाची नाडी बांधायला वाकलेली म्हातारी किंवा पडलेला चेंडू उचलणारं पोर त्या कुत्र्याला दगड मारणाराच दिसतो. म्हणून हा उपाय मला कधीच पटलेला नाही.

एवढं करूनही दात लागला, तर पुढची पंधरा मिनिटं सगळ्यांत मोलाची. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पुरी पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. दोन मिनिटांतच पुरे वाटतं, म्हणून घड्याळ. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. चटणी, चुना, हळद, तेल यांतलं काही जखमेत भरायचं नाही, पट्टी आवळायची नाही, टाके घालायची घाई करायची नाही. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना. सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते आणि कोल्हापुरात त्यासाठी लोक सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जातात. पोटात चौदा इंजेक्शनं, ही भीती अजून लोकांना घरी बसवते. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीला बंद झाली. आता दंडावर टोचतात: त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक. लहान मुलांना स्नायूतलं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला. रक्त आलं असेल, किंवा लाळ डोळ्यांत, तोंडात, उघड्या जखमेत गेली असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोबुलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, जखमेत टोचावं लागतं. ते विचारून घ्यावं. ओरखडा आहे, रक्त नाही, तरीही लस लागते. कुठंही न फाटलेल्या त्वचेवर नुसतं चाटलं असेल तर धुणं पुरे. कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवावं, पण तोपर्यंत लस थांबवून ठेवू नये. लक्षणं दिसल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही.

पिसाळलेलं कुत्रं नेहमी लाळ गाळत धावतच येतं, असं नाही. कधी ते गप्प असतं, अंधारात बसतं, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आवाज फाटलेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलंय, आणि तो तोंडात बोटं घालतो. लोंबत्या जबड्याच्या अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात कधीही घालू नये. लांबूनच महापालिकेला किंवा पशुवैद्यकाला कळवावं.

आणि एक राहिलं, निघताना. वस्तीवर चहा झाला, काम झालं, पावणा उठतो. येताना जे कुत्रं मालकाच्या हाकेनं गप्प झालं होतं, ते ओसरीखाली पडून सगळं बघत असतं. पोटरीला धरायची ही खास वेळ: पाठ वळते, पावलं लांब जायला लागतात, आणि दोन तास दाबून ठेवलेलं भय एकदम मोकळं होतं. म्हणून उठण्यापूर्वी मालकाला सांगावं, "निघतो, जरा कुत्र्याकडं बघा." झटक्यानं उठू नये, मोठ्यानं हसत हात उडवत निरोप घेऊ नये. पहिली दहा-पंधरा पावलं तिरकं चालावं, कुत्रं डोळ्याच्या कोपऱ्यात राहील असं, आणि पळू तर मुळीच नये. ते मागोमाग येईल, दोन हातांचं अंतर राखून, भुंकत किंवा नुसतंच हुंगत. बांधापाशी आलं की थांबेल. तिथल्या दगडावर एक पाय वर करील, मागचे पाय मातीत घासेल, आणि तुम्ही उसाच्या फडात शिरेपर्यंत तिथंच उभं राहून मग गोठ्याकडं परत फिरेल.